छकड्याची चाकं

आमच्या गोठ्याच्या छपरात एक छकडा उभा आहे. त्याला शेवटचे बैल जुंपले त्याला आता पंचवीस वर्षं होऊन गेली. साटा बाभळीचा, जू अजून शाबूत, आणि खाली मात्र जीपची चाकं. एका चाकातली हवा गेल्यामुळे तो जरा कललेला दिसतो. नवा पाहुणा आला की आधी हसतो आणि मग विचारतो, "हे असलं कुणी केलं?"

हे आबांनी केलं, म्हणजे माझ्या वडिलांनी. 1976 साली.

छकडा आजोबांच्या वेळचा. गावच्या सुतारनानांनी तो बनवला होता. ओझं वाहायची बैलगाडी वेगळी आणि छकडा वेगळा. छकडा हलका, दोन-तीन माणसांचा, लग्नाला, जत्रेला, फाट्यावर एस.टी. गाठायला. खिलार जोडी जुंपली की वाऱ्यासारखा पळायचा. ज्याच्या दारात चांगला छकडा त्याच्याकडं पोरगी द्यायला लोक मागंपुढं बघत नसत. नानांनी त्याची चाकं करायला पुरा एक उन्हाळा घेतला होता म्हणे. तुंबा, आरे, वरचा लाकडी घेर, सगळं जुन्या वाळलेल्या बाभळीचं. मग लोहाराकडं गोवऱ्यांच्या जाळात लालभडक केलेली लोखंडी धाव चाकावर चढवायची आणि वरून पाणी ओतायचं. धाव आवळते आणि चाक असं घट्ट बसतं की खिळ्याची गरज नाही. मी लहानपणी हे दुसऱ्या गाड्यांच्या चाकांचं बघितलंय. तो चर्रर्र आवाज आणि ती वाफ अजून आठवते.

आजीचा मणका दुखावला आणि तिला दर पंधरवड्याला मिरजेला दवाखान्यात न्यायची वेळ आली. डांबरी सडकेचा फाटा तीन मैलांवर. तिथपर्यंत दगडधोंड्यांची वाट. लोखंडी धावेचं चाक प्रत्येक धोंड्याचा हिशेब माणसाच्या पाठीला देतं. आजी छकड्यात ओरडत नसे, पण उतरली की तिच्या ओठांवर दातांच्या खुणा असत. आबांनी ते दोनदा बघितलं आणि तिसऱ्या खेपेला परतताना मिरजेच्या भंगारवाल्याकडून जीपचा आस आणि टायरसकट दोन चाकं घेऊन आले. तिथल्याच एका वेल्डिंगवाल्याला गावात आणून जोडकाम करून घेतलं.

इथवर सगळं ठीक. पण आबांचं मन तेवढ्यावर थांबलं नाही. साट्याला तांबडा रंग दिला, कडेला पिवळे पट्टे मारले, आणि रबरी फुग्याचा मोटारीचा भोंगा बसवला. आता आजीच्या मणक्याला भोंग्याचा काय उपयोग? आबांना गावातून मिरवायचं होतं हे कबूल करायला हवं. माणसाच्या एकाच कामात माया आणि मिजास दोन्ही असतात, आणि ती वेगळी काढता येत नाहीत.

नाना दुसऱ्या दिवशी आले. त्यांनी छकड्याला एक फेरी मारली. हात लावला नाही. म्हणाले, "आबा, मला इचारलं असतंस तर म्याच बशिवली असती की."

आबा म्हणाले, "नाना, त्यात इचारायचं काय? गाडी आमची हाय."

"व्हय, तुमचीच हाय," नाना म्हणाले. "पर उताराला ती बैलाच्या मानंवर यील. एवढं ध्यानात ठेव." आणि भिंतीला टेकवून ठेवलेली जुनी चाकं एकेक करून घरंगळत आपल्या घरी घेऊन गेले. आबांनीही अडवलं नाही.

"गाडी आमची हाय" हे आबांचं वाक्य माझ्या डोक्यात गेली कित्येक वर्षं घोळतंय. अलीकडं ते पुन्हा वर आलं ते माझ्या पुतण्यामुळे. तो चाकणला मोटारींच्या कारखान्यात असतो, आणि त्याला जुन्या परदेशी शर्यतीच्या गाड्यांचं वेड आहे. दिवाळीत आला तेव्हा मोबाइलवर एक फोटो दाखवून म्हणाला, "काका, हा बघा तुमच्या छकड्याचा भाऊ."

ती फेरारी होती, पण फेरारीसारखी दिसत नव्हती. पुढचा भाग तलवारीसारखा, आणि मागचं छप्पर सरळ शेवटपर्यंत ओढून एकदम उभं कापलेलं. तिला ब्रेडव्हॅन म्हणतात, पाववाल्याची गाडी. तिची हकीकत त्यानं सांगितली ती अशी. इटलीत काउंट जोव्हानी व्होल्पी नावाचा श्रीमंत तरुण शर्यतीचा संघ चालवायचा. 1961 च्या अखेरीस फेरारीच्या कारखान्यातले काही मोठे लोक एन्झो फेरारीशी भांडून बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची कंपनी काढली. व्होल्पीनं त्या कंपनीत पैसा घातला. एन्झोला राग आला. व्होल्पीनं मागितलेली नवी 250 जीटीओ गाडी त्यानं त्याला द्यायची नाकारली. पैसे रोख असूनही. मग व्होल्पीनं आपल्याकडची आधीची 250 जीटी काढली आणि ती जोत्तो बित्झारिनीच्या हाती दिली. हा बित्झारिनी जीटीओच्या कामातलाच माणूस, बाहेर पडलेल्यांपैकी एक. त्यानं बारा सिलिंडरचं इंजिन खाली आणि मागं सरकवलं, वारा कापला जावा म्हणून छप्पर लांबवून शेपूट उभी छाटली, आणि मोदेनाच्या द्रोगोच्या कारखान्यात नवा सांगाडा चढवला. 1962 च्या जून महिन्यात ले मां इथल्या चोवीस तासांच्या शर्यतीत ही पाववाली गाडी फेरारीच्या नव्याकोऱ्या जीटीओंच्या पुढं पळाली. चौथ्या तासाला चाकांना शक्ती पोचवणारा दांडा तुटला आणि ती थांबली. त्या गटात शेवटी पहिली आली ती जीटीओच.

पुतण्याच्या मते यात व्होल्पीचा विजय आहे. घेतलेली वस्तू घेणाऱ्याची, बनवणाऱ्याला पुढं बोलायचा हक्क नाही. मी म्हटलं, मग आपल्याकडं तसं करता येतं का? तर म्हणाला, कुठलं? मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम आहे, आणि 2019 साली सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलंय की कारखान्याच्या मूळ रचनेत फरक पडेल असा बदल गाडीत करता येणार नाही. म्हणजे कायद्याच्या लेखी गाडी पूर्णपणे आपली कधी होतच नाही. रस्त्यावर दुसरीही माणसं असतात, त्यामुळे मला ते काही गैर वाटत नाही.

पण मला खुपत होतं ते वेगळंच. व्होल्पी आणि आबा, दोघांनी एकच गोष्ट केली. बनवणाऱ्याला न जुमानता गाडी बदलली. मग व्होल्पीची गोष्ट ऐकताना मजा वाटते आणि आबांची आठवताना मान खाली का जाते?

एक तर व्होल्पी आधी दारात गेला होता. त्याला नकार मिळाला. आबा दारात गेलेच नाहीत, आणि नानांचं दार आमच्यापासून चार घरांवर होतं. दुसरं म्हणजे एन्झो फेरारी बलाढ्य होता. त्याची एक गाडी कुणी कापली म्हणून त्याच्या ताटातली भाकरी कमी होणार नव्हती. नानांचं तसं नव्हतं. छकडा त्यांनी आजोबांना विकला असं म्हणताच येत नाही. ते बलुतेदार. दरवर्षी सुगीत खळ्यावरून ज्वारीचं बलुतं न्यायचं आणि वर्षभर आमची अवजारं, गाडी, चाकं नीट ठेवायची. आरा ढिला झाला, आस झिजला, की नाना हजर. अशी वस्तू एकदा पैसे मोजून संपत नाही. तिचा व्यवहार दर सुगीला नव्यानं होतो. आबांनी चाकं बदलली म्हणजे चाकं बदलली नाहीत. त्यांनी नानांना सांगितलं की आता तुमचं काम नाही. आणि ते खरंच होतं. पुढच्या आठ-दहा वर्षांत उसाच्या गाड्यांनासुद्धा टायर आले आणि गावात लाकडी चाक करणारं कुणी उरलं नाही.

आबांची बाजूही मी सोडत नाही. आजीच्या ओठांवरच्या खुणा मी बघितल्यात. टायरच्या चाकांवर ती फाट्यापर्यंत झोपून गेली होती, पहिल्याच दिवशी. नानांच्या मानासाठी तिनं धोंड्यांवरून खडखडत जायला हवं होतं का? नाही. नानाही तसं म्हणाले नव्हते. ते एवढंच म्हणाले होते की मला विचारायचं होतंस.

उताराचं त्यांचं बोलणं मात्र महिन्याभरात खरं झालं. लोखंडी धावेची गाडी जड चालते, उताराला स्वतःच अडते. टायरची गाडी सुटते. ओढ्याच्या उतारावर छकडा बैलांच्या अंगावर गेला, उजवीकडचा बैल गुडघ्यावर पडला आणि पुढं दोन महिने लंगडत होता. आजी त्या दिवशी छकड्यात नव्हती एवढंच आमचं नशीब. आबा बाजेवर बसून राहिले, कुणाशी बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी नाना हत्यारांची पिशवी घेऊन आले. कुणी बोलावलं नव्हतं. आबा उठून उभे राहिले तसे म्हणाले, "बैलासाठी आलोय, तुझ्यासाठी न्हाई." दिवसभर बसून त्यांनी दोन्ही टायरांवर घासतील असे बाभळीचे दोन गुटके बसवले, मधे आडवा दांडा, आणि हाकणाऱ्याच्या हाताशी येईल अशी दोरी. उतार आला की दोरी ओढायची. तो ब्रेक पुढं वीस वर्षं चालला. त्या दिवशी ते आमच्याकडं जेवले नाहीत. सुगीत बलुतं न्यायला मात्र आले.

आता पुतण्याचं म्हणणं असं की छकडा मूळ रूपात आणू. पुण्याकडचा एक रिसॉर्टवाला चांगले पैसे द्यायला तयार आहे, पण लाकडी चाकं हवीत, आणि तो तांबडा-पिवळा रंग नको. मीही आधी मान डोलावली. वाटलं, नानांचं देणं असं तरी फिटेल.

मग त्यानंच सांगितलेली आणखी एक गोष्ट आठवली. जॅनिस जॉप्लिन या अमेरिकन गायिकेनं 1968 मध्ये एक जुनी पोर्शे घेतली आणि आपल्या सोबतच्या माणसाकडून ती फुलपाखरं, डोंगर, चेहरे अशा चित्रांनी नखशिखांत रंगवून घेतली. 1970 मध्ये ती वारली. रंगाचे पोपडे निघायला लागले तेव्हा घरच्यांनी गाडी पुन्हा पहिल्या करड्या रंगाची केली. आणि पुढं 1990 नंतर त्यांनाच ती चित्रं जुन्या फोटोंवरून परत काढून घ्यावी लागली. 2015 साली ती लिलावात गेली ती चित्रांसकट, साडेसतरा लाख डॉलरच्या वर. तिचं मूळ रूप कुठलं, कारखान्याचं की बाईचं, हे घरच्यांनाही एकदा पुसून बघितल्यावर कळलं.

मी छपरात जाऊन छकड्याखाली वाकून बघितलं. गुटके तिथंच आहेत, टायरच्या बाजूनं झिजून खोलगट झालेले. लाकडी चाकं बसवायची तर हे काढावे लागणार. आणि नानांनी या छकड्यावर केलेलं शेवटचं काम हेच आहे.

तरीही एकदा नानांच्या घरी गेलो. त्यांचा नातू आता फर्निचरची कामं घेतो. त्याला विचारलं, नानांनी आमची चाकं नेली होती, ती आहेत का? तो म्हणाला, "काका, ती कुठली ऱ्हायलीत? आज्जानं त्याच साली मोडून त्याचं कुदळीचं आन् कुऱ्हाडीचं दांडं केलं. एवढी वाळल्याली बाभळ कोण सोडतंय?" आणि आत जाऊन त्यातलाच एक दांडा घालून ठेवलेली कुदळ घेऊन आला. दांडा हाताच्या घामानं काळा गुळगुळीत झालेला.

पुतण्याला कळवलंय की छकडा आहे तसाच राहील. तो थोडा फुरंगटला, पण आता हवा गेलेल्या चाकासाठी ट्यूब शोधतोय. त्या मापाची आता मिळत नाही म्हणे.