मैत्राचा भात आणि नासाचा शिक्का

‘संगणकासाठी जगातली सर्वांत योग्य भाषा संस्कृत आहे, असे नासाने मान्य केले आहे’ हे विधान मराठी वाचकाला नवे नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनातील भाषणात, संस्कृत दिनाच्या पत्रकात आणि मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरात ते सारख्याच खात्रीने भेटते. अलीकडे ‘संगणका’च्या जागी ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ आली, एवढाच फरक. पुराव्यादाखल कधी ‘फोर्ब्स’ मासिकाच्या जुलै १९८७च्या अंकाचे नाव घेतले जाते. लेखाचे नाव आणि पृष्ठांक मात्र कोणी देत नाही. या विधानाची टर उडवणारेही थोडे नाहीत. त्यांच्या लेखी हे सगळे थोतांड. दोन्ही पक्षांची चूक एकच आहे: भाषा आणि त्या भाषेत लिहिलेले शास्त्र यांची गल्लत. संस्कृतातील व्याकरणविचार संगणकविद्येच्या कामाचा आहे, हे खरे. म्हणून संस्कृत भाषा यंत्राला सोपी जाते, असे मात्र त्यावरून ठरत नाही. ही गल्लत कधी आणि कशी झाली, हे पाहण्यासाठी ‘नियमांत बांधलेली भाषा’ या कल्पनेचा प्रवास पाहावा लागतो.

या कल्पनेचे मूळ पाणिनीत आहे, याबद्दल वाद नाही. अष्टाध्यायीची सुमारे ४,००० सूत्रे, १४ शिवसूत्रे, सुमारे २,००० धातूंचा धातुपाठ आणि गणपाठ मिळून एक यंत्रणा उभी राहते. प्रकृती आणि प्रत्यय तिच्यात घातले की नियम लागत जातात आणि शेवटी शुद्ध रूप बाहेर पडते. हे नियम लिहिण्यासाठी पाणिनीने विभक्तींना नवे काम दिले. एरवीच्या संस्कृतात षष्ठी म्हणजे ‘चा, ची, चे’. सूत्रात मात्र षष्ठी ‘च्या जागी’ असे सांगते, पंचमी ‘च्या नंतर’, सप्तमी ‘पुढे असताना’, आणि जे यायचे ते प्रथमेत असते. इ, उ, ऋ, ऌ यांच्या जागी, पुढे स्वर असताना, अनुक्रमे य, व, र, ल येतात, एवढा मजकूर अशा रीतीने तीन तोकड्या शब्दांत मावतो आणि ‘दधि अत्र’चे ‘दध्यत्र’ होते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ही रीत ओळखीची वाटते, यात नवल नाही. पण सूत्र समजण्यासाठी नुसते संस्कृत येऊन भागत नाही. विभक्तींचा हा ठरवून दिलेला अर्थ वेगळा शिकावा लागतो. नियमांची काटेकोर भाषा पाणिनीने घडवली. संस्कृतात ती आयती नव्हती.

विसाव्या शतकाच्या मध्यावर भाषेला नियमांत बांधण्याचा हा विचार परिषदांच्या व्यासपीठावर आला. यांत्रिक भाषांतरावरची पहिली परिषद १९५२ साली एमआयटीत भरली. जानेवारी १९५४ मध्ये न्यूयॉर्कला २५० शब्द आणि सहा नियमांच्या जोरावर रशियन वाक्यांचे इंग्रजी भाषांतर करून दाखवण्यात आले. सप्टेंबर १९५६ मध्ये एमआयटीतल्याच एका परिसंवादात नोम चॉम्स्कीने भाषावर्णनाचे तीन नमुने मांडले. १९५९ साली पॅरिसमध्ये युनेस्कोच्या परिषदेत जॉन बॅकसने प्रोग्रॅमिंग भाषेचे व्याकरण लिहिण्याची एक पद्धत सादर केली. पीटर नाउरने ती सुधारून वापरली आणि १९६४ मध्ये डोनाल्ड नूथने तिला या दोघांचे नाव सुचवले. १९६७ साली पी. झेड. इंगरमन यांनी एका छोट्या पत्रात सुचवले की, पहिला मान पाणिनीचा असल्याने तिला पाणिनी-बॅकस पद्धत म्हणावे. त्याआधी, १९६५ मध्ये, चॉम्स्कीने आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत पाणिनीची आठवण काढली होती आणि फ्रिट्स स्टाल यांनी पाणिनीला युक्लिडच्या शेजारी बसवले होते.

या सर्वांनी तुलना केली ती मांडणीची. तीही जराशी उदार हाताने केलेली आहे, कारण बॅकसच्या नियमात आजूबाजूच्या संदर्भाला जागा नसते आणि पाणिनीचे कितीतरी नियम संदर्भाशिवाय चालत नाहीत. तरीही त्यांच्यापैकी कोणी संस्कृतात प्रोग्रॅम लिहावेत असे म्हटले नाही.

गल्लत झाली ती १९८५ साली. अमेरिकेतील ‘एआय मॅगझिन’च्या त्या वर्षीच्या वसंत अंकात रिक ब्रिग्स यांचा संस्कृतातील ज्ञानमांडणी आणि कृत्रिम बुद्धिमत्ता या विषयावरचा लेख आला. लेखकाच्या नावाखाली कॅलिफोर्नियातील नासाच्या एम्स केंद्रातील एका संशोधनसंस्थेचा पत्ता होता. तो पत्ता हाच पुढे नासाचा शिक्का झाला. एका संशोधकाने स्वतःच्या नावावर लिहिलेला लेख म्हणजे संस्थेचा निर्णय नव्हे, हे कोणत्याही विद्यापीठातील प्राध्यापकाला सांगावे लागत नाही. पण खरा गैरसमज पत्त्याचा नसून आशयाचा आहे. हा लेख पाणिनीच्या नियमयंत्रणेवर आहे, असे भक्त आणि टीकाकार दोघेही धरून चालतात. त्याचा गाभा मात्र भर्तृहरी, भट्टोजी दीक्षित, कौण्डभट्ट आणि नागेशभट्ट यांच्या परंपरेतील शाब्दबोधाचा, म्हणजे वाक्याच्या अर्थाची उकल करण्याच्या रीतीचा आहे. लेखाचा मुख्य आधार नागेशभट्टांची ‘लघुमंजूषा’. हे नागेशभट्ट काळे आडनावाचे, काशीत राहिलेले महाराष्ट्रीय पंडित. पाणिनीनंतर दोन हजारांहून अधिक वर्षांनी, अठराव्या शतकात, त्यांचे काम उभे राहिले.

ब्रिग्स यांनी घेतलेले उदाहरण मराठीत असे होईल: मैत्र मैत्रीपोटी देवदत्तासाठी मडक्यात विस्तवावर भात शिजवतो. वैयाकरणांच्या मते या वाक्याच्या मध्यभागी क्रिया असते. धातूचे अर्थ दोन, व्यापार आणि फळ. शिजवण्यात चूल पेटवण्यापासून उतरवण्यापर्यंतची सगळी खटपट हा व्यापार. तांदूळ मऊ होणे हे फळ. व्यापार ज्याच्या ठायी तो कर्ता मैत्र, फळ ज्याच्या ठायी ते कर्म भात. विस्तव करण, मडके अधिकरण, देवदत्त संप्रदान, आणि या सगळ्यामागचा हेतू मैत्री. नैयायिकांना हे मान्य नव्हते. ते प्रथमेतल्या नामाला, म्हणजे मैत्राला, मुख्य मानत. मीमांसक तिसरेच काही म्हणत. या वादामुळेच उकल अधिकाधिक बारीक होत गेली. १९८५च्या सुमारास कृत्रिम बुद्धिमत्तेतील लोकही वाक्याचे असेच तुकडे करत होते: मध्ये क्रिया, भोवती कर्ता, कर्म, साधन, स्थळ, आणि प्रत्येकाला जोडणारी नाव दिलेली रेघ. दोन्हींत विलक्षण साम्य आहे, असे ब्रिग्स यांनी दाखवले. ते साम्य खरेच आहे.

मात्र मराठी वाक्याची उकल करताना कुठेही अडखळायला होत नाही, याकडे लक्ष द्यायला हवे. संस्कृतात अग्नी तृतीयेत येतो, मराठीत विस्तवाला ‘वर’ लागते. तरी त्याचे करण असणे बदलत नाही. ‘मैत्राने भात शिजवला’ असा कर्मणी प्रयोग केला की क्रियापद भाताच्या मागे जाते. कर्ता तरीही मैत्रच. विभक्ती भाषेगणिक आणि प्रयोगागणिक बदलते. कारक, म्हणजे नामाचे क्रियेशी असलेले नाते, टिकते. शाब्दबोधाचे सारे बळ या फरकात आहे आणि तो फरक संस्कृताच्या मालकीचा नाही. उकल लिहिण्यासाठी पंडितांनी जी ‘अवच्छिन्न’, ‘निष्ठ’, ‘निरूपित’ अशा शब्दांनी गच्च भरलेली भाषा घडवली, ती कालिदासाची भाषा नव्हे. ब्रिग्स यांना यंत्राच्या कामाची वाटली ती ही शास्त्राची संस्कृत. गैरसमजाचे बीज त्यांच्याच लेखात आहे, हेही मान्य करावे लागते: नैसर्गिक भाषा कृत्रिम भाषेचे काम करू शकते, असे त्यांनी लिहिले आणि वाचकांनी तेवढेच उचलले.

एक मोठी उणीवही राहून गेली. पंडित उकल करतो ती वाक्य समजल्यावर. आकांक्षा (शब्दांची एकमेकांविषयीची अपेक्षा), योग्यता (अर्थांचा मेळ) आणि सन्निधी (शब्दांची जवळीक) यांच्या जोरावर त्याला अर्थ आधीच लागलेला असतो. यंत्राची अडचण त्याच्या अलीकडची आहे: समोरच्या अक्षरांतून शब्द कोणते, हेच त्याला शोधायचे असते. येथे संस्कृत मुळीच सोपी नाही. ‘श्वेतो धावति’ हे महाभाष्यातले जुनेच उदाहरण. ‘पांढरा धावतो’ हा एक अर्थ. ‘श्वा इतः’ असा संधी सोडवला तर ‘कुत्रा इथून धावतो’ हा दुसरा. दोन्ही अर्थ बिनचूक. संस्कृतात संदिग्धता नसते असे आज सांगितले जाते. वैयाकरणांना ती ठाऊक होती आणि त्यांनी तिचे उदाहरण पुढच्या पिढ्यांना दिले.

डिसेंबर १९८६ मध्ये बंगळूरला संस्कृतातील ज्ञानमांडणी आणि अनुमान या विषयावर पहिली राष्ट्रीय परिषद भरली. संस्कृत पंडित आणि संगणकतज्ज्ञ तिथे समोरासमोर आले. ब्रिग्स यांनी १९८७ मध्ये तिचा वृत्तांत लिहिला. तिथून दोन वाटा फुटल्या. एक वाट घोषणेकडे गेली. दुसरी कामाकडे, आणि तिची आठवण कोणी काढत नाही. कानपूरच्या आयआयटीत विनीत चैतन्य, राजीव संगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कारकविचार हाती घेतला. या गटाने ‘अक्षर भारती’ या नावाने लेखन केले. १९९५ साली त्यांचा भाषासंगणनाच्या पाणिनीय दृष्टीवरचा ग्रंथ आला. त्यांनी ही दृष्टी लावली ती प्रामुख्याने हिंदीसारख्या आजच्या भाषांना. त्यांच्या ‘अनुसारक’ या प्रणाली तेलुगू, कन्नड, मराठी, बंगाली आणि पंजाबी मजकूर हिंदी वाचकाला वाचता यावा म्हणून होत्या. हैदराबादला पुढे हिंदी वाक्यांचे जे कोश तयार झाले, त्यांत शब्दांवर आजही ‘के-१’ म्हणजे कर्ता, ‘के-२’ कर्म, ‘के-३’ करण, ‘के-७’ अधिकरण अशा खुणा आहेत. षष्ठी हे कारक नाही, म्हणून सहाचा आकडा ‘के’ सोडून ‘आर-६’ असा वेगळा ठेवला आहे. परंपरेचा एवढा बारकावा घोषणेच्या वाटेवर कुठेही दिसत नाही.

दरम्यान संगणकविद्येचेच वारे फिरले. १९८८ साली बुडापेस्टला भरलेल्या भाषासंगणनाच्या ‘कोलिंग’ परिषदेत आयबीएमच्या संशोधकांनी व्याकरणाचे नियम बाजूला ठेवून, कॅनडाच्या संसदेच्या इंग्रजी-फ्रेंच कार्यवृत्तांतून केवळ संख्याशास्त्राने भाषांतर शिकण्याची पद्धत मांडली. २०१७ नंतरची भाषाप्रतिमाने (लँग्वेज मॉडेल्स) त्याच रस्त्याने फार पुढे गेली. ती नियम विचारत नाहीत, मजकूर मागतात. स्पेलिंगाचा घोळ असलेल्या इंग्रजीत ती सर्वांत तरबेज आहेत, कारण इंग्रजी मजकूर सर्वांत जास्त आहे. नियमबद्ध भाषा यंत्राला सोपी, हे गृहीतक १९८५ मध्ये निदान वादाचा विषय होते. आज भाषाप्रतिमाने चालतात ती मजकुराच्या ढिगावर. ‘कृत्रिम बुद्धिमत्तेची भाषा संस्कृत’ असे म्हणणारे, ज्या पद्धतीला हे क्षेत्र मागे टाकून गेले, तिचे प्रशस्तिपत्र आजच्या पद्धतीला चिकटवतात.

संस्कृत आणि संगणक यांचे खरे नाते तपासणारी परिसंवादमाला २००७ मध्ये पॅरिसजवळ सुरू झाली. त्यानंतर तिचे परिसंवाद २००८ मध्ये अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठात, २००९ मध्ये हैदराबादला, २०१० मध्ये दिल्लीत, २०१३ मध्ये मुंबईच्या आयआयटीत, २०१९ मध्ये खरगपूरला आणि २०२४ मध्ये ऑरोविलला झाले. त्यांत येणारे निबंध संधी कसा सोडवावा, समासाचा विग्रह यंत्राने कसा करावा, पाणिनीचे नियम कोणत्या क्रमाने लावावेत, अशा प्रश्नांशी झुंजतात. भाषा यंत्रासाठी आयती तयार असती, तर या सात परिसंवादांची गरज पडली नसती.