'ढ' कोण?

वस्तीतल्या विहारात संध्याकाळी मी पोरांचा वर्ग घेतो. मागल्या पावसाळ्यात एक नऊ वर्षांचं पोरगं धडा वाचायला उभं राहिलं. 'कमळ' नीट वाचलं. 'किनारा' आला आन् अडकलं. 'घर'चं 'धर' केलं. दोन महिने हेच चाललेलं. माझा तोल गेला. सगळ्यांदेखत म्हणालो, "तू ढ तो ढच राहणार." दुसऱ्या दिवशी पोरगं आलंच नाही.

त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. माझ्या बापाला मास्तर म्हणायचा, "तुमच्या जातीच्या डोक्यात अक्षर शिरायचं नाही." बापानं चौथीतच शाळा सोडली. मास्तर जातीवर गेला, मी डोक्यावर गेलो. पण निवाडा एकच : माणूस न तपासता त्याच्या जन्माचा निकाल. दोस्तांनो, मनूने दुसरं काय केलं?

आपल्यातले काही म्हणतील, बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर बसून शिकले; याला दिवा आहे, पुस्तक आहे, तरी येत नाही म्हंजे आळस. मीही हेच म्हणत होतो. पण हा युक्तिवाद लंगडा आहे. बाबासाहेबांची वाट बाहेरच्यांनी अडवली. काही पोरांची अडचण अक्षर आणि आवाज यांची गाठ पडण्यातच असते. तिला डिस्लेक्सिया म्हणतात. हुशारी-मठ्ठपणाशी तिचा संबंध नाही. अपंगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात तिची नोंद आहे. पैसेवाल्याचं पोर अडखळलं की तपासणी होते, दाखला मिळतो, परीक्षेत जादा वेळ मिळतो. आपलं पोर अडखळलं की 'ढ'. अडचण एक, नावं दोन. वर्णव्यवस्था इथंही दबा धरून बसलीय, आन् या खेपेला ती माझ्या तोंडून बोलली.

पोराच्या घरी गेलो. त्याच्या आईसमोर त्याची माफी मागितली. आधी डोळे, कान तपासून घेतले. ते ठीक निघाले. पुढच्या तपासणीसाठी सरकारी दवाखान्यात नाव घातलंय. आता वर्ग सुटल्यावर रोज वीस मिनिटं त्याची. ताटात वाळू पसरायची, बोटानं अक्षर गिरवायचं, तोंडानं आवाज काढायचा. तेव्हा मला कळलं, 'कि'मधली वेलांटी डोळ्याला आधी दिसते आणि तोंडात मागून येते. 'घ' आणि 'ध' यांत फरक तो केवढा! आपण हे शिकताना काय सोसलं ते विसरलोय, म्हणून सोपं वाटतं.

तो अजून सावकाश वाचतो. कदाचित कायम सावकाशच वाचेल. म्हणून तो कमी माणूस ठरत नाही.

कुणी विचारलं, एकट्यालाच जादा वेळ का? मी म्हणालो, राखीव जागांसाठी आपण भांडतो ते कशाच्या जोरावर? सगळ्यांना सारखं माप म्हंजे समता नव्हे. ज्याची वाट जास्त अडलेली, त्याला हात जास्त. हे सरकारला ठणकावून सांगायचं आणि आपल्याच वर्गात विसरायचं, असं कसं चालेल?

'शिका' हा आदेश पोराला जेवढा, तेवढाच शिकवणाऱ्याला. 'ढ' हे वर्णमालेतलं एक अक्षर आहे. त्याला अक्षरच राहू द्या.

जय भीम.