गोळीतून वाचलेल्यांचं पुढे काय?

१६ फेब्रुवारी २०१५ रोजी सकाळी कोल्हापुरात फिरून घरी परतताना ज्येष्ठ कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमाताई या दोघांवर गोळ्या झाडल्या गेल्या. चार दिवसांनी पानसरे गेले. डोक्याला जखम होऊनही उमाताई वाचल्या. खटल्यात आरोपनिश्चिती व्हायलाच २०२३ उजाडलं. या घरामागे चळवळ उभी राहिली. ‘निर्भय मॉर्निंग वॉक’साठी कोल्हापूरकर रस्त्यावर उतरले. मात्र अशी पाठराखण किती जणांच्या वाट्याला येते?

उद्या याच जिल्ह्यातल्या हातकणंगले तालुक्यात बांधाच्या किंवा सावकारीच्या वादात कुणा शेतकऱ्यावर, यंत्रमाग कामगारावर गोळी झाडली गेली, तर आठवडाभर बातम्या येतील. नंतर उरेल दवाखान्याचं बिल, बुडालेली मजुरी, कोर्टाच्या तारखा आणि त्याच गल्लीत राहणारे आरोपीचे नातेवाईक. ‘मिटवून टाका’ म्हणणारे दारात येतील. एकटा पडलेला जखमी माणूस मग साक्ष फिरवतो, नाहीतर त्याचा भाऊ सुडाच्या मागे लागतो. दोन्ही वाटांनी पुढच्या गोळीला मोकळं रान मिळतं. म्हणून वाचलेल्याला साथ देणं ही निव्वळ दया नव्हे. पुढचा गोळीबार टाळण्याची सुरुवात तिथूनच होते.

कायद्यात आधार आहे. आधी उपचार, मग कागदपत्रं, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्येच बजावलं. महाराष्ट्राची पीडित नुकसानभरपाई योजना २०१४ पासून आहे. आरोपी सापडला नसला तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. साक्षीदार संरक्षण योजनेनुसार साक्षीदाराला संरक्षण मागता येतं. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसानं हे अर्ज करायचे कसे? तारखेला सोबत जाणारं, कागद जमवून देणारं माणूस गावानंच नेमायला हवं.

दुसरं काम प्रशिक्षणाचं. ग्रामपंचायतीनं आरोग्य केंद्राच्या मदतीनं तालमीतल्या पोरांना शिकवावं: १०८ला फोन लावा, जखमेवर स्वच्छ कापड ठेवून दोन्ही तळव्यांनी जोर देऊन दाबा, रक्त थांबलं का हे पाहायला कापड उचलू नका. ते भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा. कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय गाठेपर्यंत एवढ्यानंही जीव वाचू शकतो.

गोळी सुटण्याआधीच्या खुणाही गावालाच आधी दिसतात. स्टेटसला पिस्तूल मिरवणारा पोरगा, वाढदिवसाला तलवारीनं कापलेला केक, यांकडे आपण ‘पोरं आहेत’ म्हणून काणाडोळा करतो. शिकागोत साथरोगतज्ज्ञ गॅरी स्लटकिन यांनी २००० साली वेगळी वाट धरली. वस्तीतलीच, पोरं ज्यांचं ऐकतात अशी माणसं शिकवून तयार केली आणि भांडण पेटण्याआधी मध्ये उभी केली. आपल्याकडे २००७ पासून तंटामुक्त समित्या आहेत. त्यांना हे शिक्षण द्यायला काय हरकत आहे? एक पथ्य मात्र हवं: तडजोड करायची ती बांधाच्या वादाची, झाडलेल्या गोळीची नव्हे. आणि कुणाकडे कट्टा असल्याचं कळलं, तर स्वतः हिसकावायला न जाता ११२ वर कळवायचं.

‘हे पोलिसांचं काम’, असं कुणी म्हणेल. तपास आणि अटक त्यांचीच. पण पोलीस येईपर्यंतची मिनिटं आणि ते गेल्यानंतरची वर्षं गावाची असतात. आपल्याकडे अमेरिकेसारखी घरोघरी बंदूक नाही, म्हणूनच हे काम आजही आवाक्यात आहे. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा आणि सोबतीला जाणाऱ्या दोन माणसांची नावं ठरावात लिहूनच सभा संपवावी.