नाणं कैसराचं, माणूस देवाचा

आमच्या शहराला बाळासाहेब ठाकरेंनी १९८८मध्ये संभाजीनगर म्हटलं. २०२३मध्ये छत्रपती संभाजीनगर हे नाव अधिकृत झालं. तरी तुम्ही कोणतं नाव घेता, यावरून आजही तुमची निष्ठा तपासली जाते.

मला इथे राजकारण धर्मासारखं वागताना दिसतं. त्याचे पवित्र शब्द आहेत, पाखंडीही आहेत. क्षमा मात्र फक्त पक्ष बदलणाऱ्या नेत्यांना मिळते. वेगळं बोलणारा मित्र व्हॉट्सअॅप ग्रुपमधून बाहेर जातो.

आम्ही ख्रिस्ती मूठभर, म्हणून गप्प बसावं, असं काहींना वाटतं. मला ते पटत नाही. रेव्हरंड ना. वा. टिळक १८९५मध्ये ख्रिस्ती झाले, पण त्यांचं देशप्रेम आटलं नाही. १९१७मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला. तिथे बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. देशावर प्रेम करायचं, पण त्याला देव करायचं नाही, हे त्यांना जमलं.

कराबद्दल विचारलं, तेव्हा येशूने नाण्यावरची छाप बघायला लावली. ती कैसराची होती. माणसावरची छाप मात्र देवाची, असं आम्ही मानतो. म्हणून मी कर भरेन, मत देईन, पटलं तर मोर्चातही चालेन. पक्षापायी माणूस तोडणार नाही.