चासी नंबर आणि नागसेन

आरटीओत जुनी गाडी पासिंगला नेली की एक लहानसा विधी पार पडतो. चासीवर ठोकलेल्या नंबरावर पातळ कागद धरायचा आणि वरून पेन्सिल आडवी घासायची. शाळकरी पोरं नाण्यावर कागद ठेवून तीन सिंह उमटवतात, तसा एकेक आकडा वर येतो. तो कागदपत्रांशी जुळला की गाडी ‘तीच’ ठरते. मग इंजिन दोनदा बदललेलं असो, पत्रा नव्याने ठोकलेला असो की गिअरबॉक्स कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून आणलेला असो. सरकारदरबारी तिची ओळख त्या काळ्या ठशात असते.

लष्कराने लिलावात काढलेली गाडी घेऊन ती पुन्हा उभी करणाऱ्यांना हा ठसा जरा जास्तच विचारात पाडतो. अशा गाडीत मूळचं फारसं काही शिल्लक राहतच नाही. तरी मालक छातीठोकपणे सांगतो, “ही फौजेतली जोंगा जीप.” यातली ‘ही’ म्हणजे नेमकी कोणती?

या गाड्यांशी मुंबईच्या उपनगरांचं नातं जुनं आहे. दुसऱ्या महायुद्धात विलिज आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपा बनवल्या. युद्ध संपलं आणि लष्कराने विकायला काढलेल्या सामानासाठी ‘डिस्पोजलचा माल’ हा शब्द बाजारात रुळला. १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीने चाळीसच्या दशकाच्या अखेरीस माझगावात विलिज जीपची जुळणी सुरू केली. पुढे तिचा मोठा कारखाना कांदिवलीत आकुर्ली रोडला उभा राहिला. त्याच कांदिवलीत लष्कराचा सेंट्रल ऑर्डनन्स डेपोही आहे. लष्कराचा शक्तिमान ट्रक मात्र जबलपूरचा. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर तो १९५९ पासून तिथे तयार होऊ लागला. निस्सानच्या नमुन्यावर बेतलेली जोंगाही तिथलीच. जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जुळवून तिचं बारसं झालं आणि १९९९ पर्यंत ती बनत राहिली.

शक्तिमान उभा करायला मुलुंडच्या सोसायटीत जागा कुठली? म्हणून उपनगरातला हौशी माणूस बहुधा जीप नाहीतर जोंगावर समाधान मानतो. फौजेत असताना गाडीच्या पाटीवर वर तोंड केलेला बाण आणि पाठोपाठ खरेदीच्या वर्षाचे दोन आकडे असतात. लिलावानंतर तो नंबर जातो आणि एमएच ०२ नाहीतर एमएच ४७ येतो. संन्यास घेणाऱ्याचं पूर्वाश्रमीचं नाव सुटतं. इथे वाट उलटी आहे. कडक शिस्तीतून निघून गाडी गृहस्थाश्रमात येते.

मग सुरू होते मिस्त्रीची विद्या. हुडाची ताडपत्री फाटलेली, पाटे बसलेले, फ्लोअरचा पत्रा इतका सडलेला की खालचा रस्ता दिसावा. जोंगाचं मूळ इंजिन चार लिटरच्या घरातलं, सहा सिलिंडरचं, पेट्रोलवर चालणारं. त्याची तहान परवडत नाही म्हणून अनेकजण डिझेल इंजिन बसवतात. अशा बदलांवर मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाचं बंधन आहे. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बजावलं, की निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करता येणार नाहीत. परवानगीने इंजिन बदलता येतं, गाडीचा मूळ घाट मोडता येत नाही. म्हणजे वस्तूचं मूळ स्वरूप कशात असतं, याचं एक उत्तर कायद्याने देऊन ठेवलं आहे.

दुसरं उत्तर बोरिवलीच्या डोंगरापासून फार लांब नाही. राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरीला शंभराहून अधिक बौद्ध लेणी आहेत. ज्या परंपरेतले भिक्खू तिथे शतकानुशतकं राहिले, त्याच परंपरेतल्या ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात यवन राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांची भेट आहे. नागसेन राजाला विचारतो, महाराज पायी आलात की रथाने? राजा म्हणतो, रथाने. मग रथ दाखवा. आस म्हणजे रथ का? चाकं? दांडी? जू? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. सगळे भाग सोडून वेगळा रथ आहे का? तोही नाही. शेवटी राजाच कबूल करतो, की या भागांच्या आधाराने ‘रथ’ हे व्यवहारापुरतं नाव वापरलं जातं, इतकंच.

नागसेनाला रथ मोडीत काढायचा नव्हता, माणसाला ‘मी’ची गाठ सैल करून दाखवायची होती. तरी गॅरेजमध्ये सुट्या भागांचा ढीग मांडून बसलेल्या मालकाला तो संवाद आपल्यासाठीच लिहिल्यासारखा वाटेल. एका गोणीत स्टीअरिंग बॉक्स, दुसरीत जाळी, भिंतीला टेकवलेला बॉनेट. यातली जोंगा कोणती?

पण कान्हेरीतच या उत्तराला एक गमतीचं अस्तर आहे. सगळं अनित्य आहे असं शिकवणाऱ्या भिक्खूंसाठी तिथल्या शिलालेखांत ‘अक्षयनीवी’ नोंदलेल्या आहेत. या कायमच्या ठेवी. मुद्दल अबाधित ठेवायचं आणि व्याजातून चीवरासारख्या गरजा भागवायच्या. चीवर फाटणारच हे ठाऊक होतं, म्हणूनच नव्या चीवराची सोय दगडात कोरून ठेवली. वस्तू टिकत नाही हे ज्याला पक्कं कळलं, त्याने देखभालीची तरतूद अधिक चोख केली. जुनी गाडी बाळगणाऱ्याचा दर महिन्याचा खर्च ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हा हिशेब लगेच उमगेल.

कठोपनिषदाचा रथ याहून वेगळा. तिथे शरीर हा रथ, बुद्धी सारथी, मन लगाम आणि आत बसलेला आत्मा रथाचा स्वामी. या हिशेबाने सुटे भाग बदलल्याने काहीच बिघडत नाही, कारण ‘तोच’पणा रथात नसून बसणाऱ्यात आहे. गाडीला हे लावायला गेलं की पंचाईत होते. फौजेतला चालक कधीच उतरून गेला. आता स्टीअरिंगवर बसतो तो घाटकोपरचा दुकानदार.

महाभारताच्या शल्यपर्वात तर युद्धानंतरच्या रथाचीच गोष्ट आहे. शेवटच्या दिवशी कृष्ण अर्जुनाला सांगतो, आज तू आधी उतर. गांडीव आणि भाते घेऊन अर्जुन उतरतो, मग कृष्ण उतरतो, ध्वजावरचा कपी नाहीसा होतो आणि रथ घोड्यांसकट जळून राख होतो. द्रोण आणि कर्ण यांच्या अस्त्रांनी तो आधीच जळालेला होता. कृष्ण बसला होता म्हणून तो उभा होता. काम संपलं, आधार निघाला, रथ संपला. युद्धातल्या वाहनाची निवृत्ती इतकी निखळ क्वचितच कुणी रंगवली असेल.

या कथेपुढे उपनगरातली हौस आसक्तीच ठरते का? वरवर पाहता हो. पण कथेतलं एक वाक्य उलटूनही वाचता येतं. रथ भागांच्या जोरावर उभा नव्हता, कुणीतरी तो धरून ठेवला होता. यार्डात गंजत पडलेली जोंगा आणि खंडेनवमीला झेंडूची माळ घालून गल्लीत उभी केलेली जोंगा, दोघींचे सुटे भाग सारखेच. फरक एवढाच, की दुसरीची जबाबदारी कुणीतरी अंगावर घेतली आहे. पेन्सिलीचा ठसा तरी आणखी काय सांगतो? या लोखंडाला अमुक माणूस उत्तरदायी आहे, एवढंच.

जबाबदारी घेतली की कुठे थांबायचं हेही ठरवावं लागतं, आणि खरा पेच तिथेच आहे. वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरचा शेंदराचा जाड थर २०२२ साली उतरवला, तेव्हा आतलं रूप पाहून भाविक चकित झाले. मूळ रूप आतलं खरं, पण पिढ्यांनी हात जोडले ते शेंदराच्या रूपालाच. जीपचा रंग खरवडतानाही थरामागून थर निघतात. सर्वांत खालचा थर खरा, की नोकरीच्या अखेरच्या वर्षांतला? बॉनेटवरचा पोचा काढायचा, की तो तिच्या नोकरीचा दाखला म्हणून ठेवायचा? २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा व्हिंटेज नंबर मिळतो, पण चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नको आणि ती रोजच्या वापराला काढता येत नाही. मूळ रूप जपायचं तर चालवणं कमी करावं लागतं, चालवायची तर झीज पत्करावी लागते.

रंगाच्या बाबतीत तर नियमच आडवा येतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या १२१व्या नियमाप्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. बाकी सगळं मूळच्यासारखं केलं तरी मूळचा रंग देता येत नाही. मग कुणी गवती हिरवा निवडतो, कुणी वाळूचा. मिस्त्री पॉलिश पेपर घेऊन पत्रा अन् पत्रा घासून काढतो, तरी डॅशबोर्डच्या मागे, वायरिंगवाल्याशिवाय कुणाचा हात पोचत नाही तिथे, तळव्याएवढा फौजी हिरवा राहून जातो. टॉर्च मारली की दिसतो.