गाणं सोडू नकोस

अंबाजोगाई

चि. भाच्यास,


तुझा निरोप ताईनं फोनवर वाचून दाखवला. बी.ए.चं शेवटचं वर्ष अर्धवट टाकून पुण्याला जायचं, तिथं ॲक्टिंगच्या क्लासला पैसे भरायचे आणि नट व्हायचंय म्हणून गाणं आता बंद करायचं, असं तू ठरवलंस. नट होण्याला माझी ना नाही. दाजींची समजूत मी घालीन. पण गाणं सोडू नकोस आणि कॉलेजही सोडू नकोस. असं का म्हणतो ते सांगायला वसंतराव देशपांड्यांबद्दल जरा सविस्तर लिहावं लागेल.

'मी वसंतराव' तू पाहिलास. त्यात नातू राहुल देशपांडे यांनीच आजोबांची भूमिका केली. सिनेमा दोन-तीन तासांत संपतो, माणसाची वर्षं मात्र एकेक करून जातात. वसंतराव १९२० मध्ये मूर्तिजापूरला जन्मले. आईनं त्यांना नागपुरात वाढवलं. शंकरराव सप्रे यांच्याकडे ते गाणं शिकले. भालजी पेंढारकरांच्या 'कालियामर्दन'मध्ये कृष्ण झाले तेव्हा वय पंधराच्या आसपास. एवढ्या कोवळ्या वयात पडद्यावर नाव लागलं म्हणजे पुढचं सगळं सरळ, असं तुला वाटेल. पुढं काय झालं? पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकुनी. दोन-पाच नव्हे, वीसेक वर्षं.

त्या वर्षांत गाणं थांबलं नाही. लाहोरला असद अली खाँसाहेबांकडून त्यांनी मारवा घेतला होता. सुरेशबाबू माने आणि अमान अली खाँ यांच्याकडूनही घेतलं. दीनानाथ मंगेशकरांच्या गायकीचं वेड होतं, पण नक्कल करून ते थांबले नाहीत. तबला हाताशी होता, त्यामुळं लयीशी खेळताना भीती नव्हती. नोकरी चांगली होती असं मी म्हणणार नाही. तिनं त्यांच्या ऐन उमेदीच्या मैफली खाल्ल्या, याची हळहळ मला आजही वाटते. पण घर चालवायचं होतं, ते त्यांनी चालवलं. आणि गळा तयार ठेवला.

म्हणून डिसेंबर १९६७ मध्ये 'कट्यार काळजात घुसली' रंगभूमीवर आलं, तेव्हा खाँसाहेब आफताब हुसेन उभा करायला माणूस तयार होता. नाटक पुरुषोत्तम दारव्हेकरांचं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं. वसंतरावांचं वय सत्तेचाळीस. ती भूमिका नुसत्या नटाला पेलली नसती आणि नुसत्या गवयालाही पेलली नसती.

हे तुझ्या कानानं तपासून बघ. 'घेई छंद' हे पद त्या नाटकात दोन घराण्यांच्या ढंगांत येतं. खाँसाहेबांचे प्रतिस्पर्धी पंडितजी, त्यांचं सालगवराळीत, खाँसाहेबांचं धानीत. शब्द तेच. पंडितजींचं संथ, अंगणात बसून ऐकावं असं. खाँसाहेबांचं मात्र चपळ, आक्रमक. प्रत्येक तान समोरच्याला आव्हान देत येते. तिथं वसंतराव अभिनय करायला वेगळे थांबत नाहीत. खाँसाहेबाची ईर्षा, त्याचा दिमाख, त्याचं दुखणं, सगळं त्या तानेतच आहे. दोन्ही ऐकून झाल्यावर, गाणं सोडून अभिनय शिकायचा हा विचार तुझा तुलाच पटणार नाही.

आता तुझ्याकडं काय आहे ते बघ. बीडच्या बाजारात तू लहानपणापासून उर्दू-दखनी ऐकतोस. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, ती भाषा अजून आपल्या जिभेवर आहे. खाँसाहेबाचे संवाद बोलायला पुण्या-मुंबईची पोरं उच्चारांची शिकवणी लावतात. तुला ते आयतं मिळालं आहे, त्याची लाज वाटून घेऊ नकोस. आणि गावच्या सप्ताहातले कीर्तनकार नीट बघ. एकटा माणूस गातो, आख्यान सांगतो, क्षणात सासू होतो, क्षणात सावकार होतो, पखवाजाच्या थापेवर शब्द तोडतो, आणि तीन तास हजार माणसांना जागचं हलू देत नाही. एवढी मोठी शाळा वेशीच्या आत असताना ती ओलांडून बाहेर धावायची इतकी घाई कशाला?

आपल्याच जिल्ह्यातले, माजलगावचे संदीप पाठक आज 'वऱ्हाड निघालंय लंडनला' हे नाटक एकट्यानं करतात. ते ज्यांनी रंगभूमीवर आणलं ते लक्ष्मण देशपांडे विद्यापीठात नाट्यशास्त्राचे प्राध्यापक होते. पगाराची नोकरी सांभाळून त्यांनी या प्रयोगानं देशोदेशींचे प्रेक्षक जिंकले.

तेव्हा असं कर. पदवी पुरी कर. विद्यापीठाच्या युवक महोत्सवात सुगम गायन आणि एकांकिका, दोन्हींत नाव दे. एकच निवड असं कुणी म्हटलं तरी ऐकू नकोस. पहाटेचा रियाज चुकवू नकोस. तबल्याचे ठेके तरी हातात बसव. क्लासचे पैसे तसेच ठेव, त्यातून चांगली पेटी घे. पदवीनंतर नाट्यशास्त्राच्या रीतसर शिक्षणासाठी पुण्याला जा, छत्रपती संभाजीनगरला जा, प्रवेशाच्या वेळी मी सोबत येईन.

वसंतराव १९८३ मध्ये गेले. 'कट्यार'नंतर त्यांना जेमतेम सोळा वर्षं मिळाली. त्यांची वर्षं परिस्थितीनं खाल्ली; तुझी वर्षं अजून तुझ्या हातात आहेत, ती घाईत उधळू नकोस.

२५ नोव्हेंबरला इथं यशवंतराव चव्हाण स्मृती समारोह सुरू होतो. आदल्या दिवशीच ये. शास्त्रीय गायनाच्या सभेला आपण पुढं बसून ऐकू, आणि येताना तुझी गाण्याची वही घेऊन ये.

तुझा,
मामा