किड्याची बाजू

आमच्या शाळेत पावसाळ्यात हस्तलिखित निघतं. यंदा आठवीच्या मुलांनी ते वर्तमानपत्राच्या रूपात काढायचं ठरवलं, विषय घेतला कीटक आणि नाव ठेवलं ‘किडामुंगी’. कार्डशीटवर पेन्सिलीने रकाने आखले गेले, अग्रलेख कुणी लिहायचा यावरून रुसवेफुगवे झाले. पहिल्या पानावर मृगाचा किडा जाणार होता. एका मुलीने भिंग धरून त्याचे पाय मोजले, ते आठ निघाले. कीटकाला सहा असतात. हा मखमली लाल पाहुणा कोळ्याच्या गोतावळ्यातला ठरला आणि त्याची जागा गेली.

खरा वाद पेटला तो चिकटवण्यावरून. एका मुलाने काडेपेटीत भुंगे, टोळ आणि एक फुलपाखरू मारून आणलं होतं. चित्रांऐवजी खरेच कीटक टाचणीने लावू, अंक उठून दिसेल, असं त्याचं म्हणणं. पाय मोजणारी मुलगी जैन घरातली. मुंगी त्रींद्रिय, माशी नि भुंगा चतुरिंद्रिय, हे तिला लहानपणापासून ठाऊक. ती म्हणाली, “सर, त्या पानावर मी अक्षर काढणार नाही.”

मी वर्गाला महाभारताच्या आदिपर्वातली मांडव्य ऋषींची गोष्ट सांगितली. ऋषी मौनात होते. चोर त्यांच्या आश्रमात लपले, राजाच्या माणसांनी चोरांबरोबर ऋषींनाही पकडलं आणि सुळावर चढवलं. ते वाचले. पुढे त्यांनी यमधर्माला जाब विचारला, माझा अपराध कोणता? उत्तर मिळालं, तू लहानपणी गवताची काडी किड्यांच्या शेपटीत खुपसायचास. एवढ्याशा अपराधाला एवढी शिक्षा? मांडव्य संतापले. त्यांनी यमाला मनुष्यजन्माचा शाप दिला, तोच विदुर झाला. आणि त्यांनी मर्यादा घालून दिली: चौदाव्या वर्षापर्यंत केलेल्या कर्माचं पाप लागणार नाही.

माझी मुलं नेमकी त्या रेषेवर बसलेली आहेत. काहींना तेरावं लागलंय, काहींचं चौदावं सरत आलंय.

मांडव्यांचा नियम मला मनापासून पटतो. अजाण वयाला सूळ नको, हे सांगायला एक ऋषी देवाशी भांडला याचा मला अभिमान वाटतो. तरी कथा पुन्हा वाचताना एक गोष्ट टोचते. ऋषीला न्याय मिळाला, यमाला शाप मिळाला, आपल्याला विदुरासारखा माणूस मिळाला. किड्याची बाजू मात्र कुणीच मांडली नाही. काडी खुपसणारा दहा वर्षांचा की चाळिशीचा, याने त्याच्या तडफडण्यात काय फरक पडला असेल? पापाचा हिशोब करणाऱ्याच्या वयावर लागतो. सोसणाऱ्याचा हिशोब वेगळाच असतो, आणि त्या कथेत तो लिहायचा राहिला आहे.

ज्ञानेश्वर तेराव्या अध्यायात अहिंसेबद्दल लिहितात तेव्हा झाडं उपटून केलेल्या औषधांनाही सोडत नाहीत. आणि मग बारकाईने वर्णन करतात ते चालण्याचं: पायाखाली सानुले जीव असतील हे जाणून पाऊल कसं पडावं त्याचं. मला यातलं जाणणं फार महत्त्वाचं वाटतं. खाली कुणी आहे हेच ज्याला दिसलेलं नाही, तो पाऊल कशासाठी जपेल? म्हणून मी त्या मुलाला रागावलो नाही. जिवंत भुंगा शोध आणि त्याच्याजवळ बसून चित्र काढ, एवढंच सांगितलं. दोन दिवसांनी तो धावत आला. उडण्याआधी भुंग्याच्या पाठीवरची टणक झाकणं उचलली जातात आणि खालून घडी घातलेले पातळ, पारदर्शक पंख उलगडतात, हे त्याने पाहिलं होतं. काडेपेटीतल्या भुंग्यात त्याला ते दिसलं नव्हतं. संग्रहालयांतल्या टाचलेल्या कीटकांमुळेच शास्त्राला खूप काही कळलं, हे मला मान्य आहे. पण तिथे मारण्यामागे एक प्रश्न असतो. पान उठून दिसावं, हा काही प्रश्न नव्हे.

मग ऊसवाल्यांच्या घरचा एक मुलगा उठला. “सर, आम्ही हुमणी मारतो. मग आम्हाला पाप?” पहिल्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी कडुलिंबावर, बाभळीवर जमतात. त्याच्या घरचे फांद्या हलवून ते खाली पाडतात आणि रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकतात. नाही टाकले तर जमिनीत अळ्या होऊन मुळं खातात, ऊस पिवळा पडतो, ओढला की हातात येतो. त्याला मी पापी म्हणणार नाही. काही नाही रे, किडेच ते, असंही म्हणणार नाही. पोटासाठी मारावं लागतं हे खरं, आणि आपण जीव मारतो हेही तितकंच खरं. दोन्ही एकाच रकान्यात लिही, असं मी त्याला सांगितलं.

त्याने लिहिलं. त्याचं अक्षर किरटं, म्हणून लेख सुवाच्य उतरवून काढायला कुणीतरी हवं होतं. पाय मोजणाऱ्या त्या मुलीने तो मागून घेतला. अट एकच घातली: रॉकेलचं वाक्य गाळायचं नाही.